रामदास, मॅझिनी, ग्रामची : इटालियन राजकीय विचाराची मराठी वाट

विनायक दामोदर सावरकर यांच्या ‘जोसेफ मॅझिनी ह्यांचे आत्मचरित्र आणि राजकारण’ या ग्रंथाचे पहिले बारकाईचे वाचन न्यायालयात झाले. नाशिक कट खटल्याचा निकाल २४ डिसेंबर १९१० रोजी लागला. खटला चालवणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायासनावर सरन्यायाधीश बेझिल स्कॉट आणि न्यायमूर्ती हीटन यांच्यासह नारायण गणेश चंदावरकर हेही होते. निकालपत्रात या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा सारांश आहे आणि पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात तो उतरला. त्या सारांशानुसार प्रस्तावनाकाराने राजकारणाला धर्माच्या पातळीवर नेण्याचे महत्त्व सांगितले होते, शिवकालीन महाराष्ट्राचे संत रामदास आणि मॅझिनी यांच्यात एकच आत्मतत्त्व निराळ्या नावांनी नांदत होते असे प्रतिपादले होते, आणि देशातील तरुणांवर भिस्त ठेवून शिक्षण व युद्ध असा दुहेरी कार्यक्रम मांडला होता. न्यायालयाचा हेतू वाङ्मयीन नव्हता, हे उघडच आहे. तरीही प्रस्तावनेतील मर्माच्या जागेवर त्याने नेमके बोट ठेवले. ती जागा म्हणजे रामदास आणि मॅझिनी यांचे समीकरण. चंदावरकर प्रार्थना समाजाचे पुढारी होते आणि त्या समाजातील त्यांचे पूर्वसूरी महादेव गोविंद रानडे यांनी अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १९०० साली, ‘मराठी सत्तेचा उदय’ या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात रामदासांचा आणि महाराष्ट्रधर्माचा निराळा अर्थ लावला होता. आरोपी आणि न्यायाधीश दोघेही एकाच वादग्रस्त वारशाचे वाचक होते, ही गोष्ट या खटल्याच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

हे समीकरण कोठून आले, त्याने मराठी वाचकाला काय दिले आणि काय झाकून ठेवले, आणि सहासात दशकांनी अंतोनियो ग्रामचीचा विचार मराठीत आला तेव्हा त्याच्या उजेडात ते पुन्हा तपासले गेले का, हे येथे पाहावयाचे आहे.

ग्रंथाची हकीकत थोडक्यात सांगता येईल. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये मुंबईहून निघाले आणि लंडनला हायगेटमधील इंडिया हाउसमध्ये राहू लागले. मॅझिनीचे समग्र लेखन इंग्रजीत सहा खंडांत १८६४ ते १८७० या काळात प्रसिद्ध झाले होते. त्यातील आत्मचरित्रपर आणि राजकीय लेखन निवडून त्यांनी काही महिन्यांतच मराठीत आणले. ग्रंथ १९०७ मध्ये पुण्यात, वडील बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांच्या खटपटीने निघाला. अर्पणपत्रिका लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्या नावे होती. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानंतर तो सरकारजमा झाला आणि त्यावरील बंदी १९४६ पर्यंत टिकली. मधल्या काळात त्याची प्रस्तावना तरुणांनी मुखोद्गत केली असे सांगितले जाते. म्हणजे बंदीच्या काळात ग्रंथापेक्षा प्रस्तावना अधिक जगली. मॅझिनी वाचला गेला तो मुख्यतः मॅझिनीविषयी मराठीत जे लिहिले गेले होते त्यातून. अनुवादाच्या इतिहासात असे वारंवार घडते, आणि म्हणून प्रस्तावनेला उपचार न मानता मूळ संहितेइतकेच गंभीरपणे घेतले पाहिजे.

या वाचकवर्गाचा भूगोल ब्रिटिश हद्दीत थांबत नव्हता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळी झाडणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे शिकला होता औरंगाबादेस, निजामाच्या राज्यात. आजचा जालना जिल्हा तेव्हा मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९८१ रोजी झाला. आणि ज्या रामदासांना मॅझिनीचे मराठी नाव बनविण्यात आले त्यांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण येथून नाशिकजवळच्या टाकळीस गेला. पुढे कृष्णाकाठी त्याने मठांचे जाळे उभारले, आणि त्याची कीर्ती सज्जनगडाशी जोडली गेली. जांब मात्र निजामी मुलखातच राहिले. राष्ट्रगुरू रामदासांची प्रतिमा घडत होती पुण्यात, साताऱ्यात, धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांच्या संशोधनात, आणि अखेर लंडनमध्ये. त्यांचे जन्मगाव या घडणीच्या बाहेर, दुसऱ्याच राजवटीत आणि उर्दू ही जिथे सरकारी भाषा होती अशा प्रदेशात होते. प्रतिमा आणि प्रदेश यांची ही फारकत पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

ग्रंथाच्या नावातील ‘राजकारण’ हा शब्द पाहिल्याशिवाय समीकरणाचे बळ कळत नाही. मॅझिनीच्या राजकीय विचारासाठी ‘राज्यशास्त्र’, ‘राजनीती’ असे शब्द मराठीत उपलब्ध होते. निवडला गेला तो दासबोधातला शब्द. अकराव्या दशकातील पाचवा आणि एकोणिसाव्या दशकातील नववा असे दोन समास राजकारणाच्या निरूपणाला वाहिलेले आहेत. पहिल्यात हरिकथेच्या निरूपणाला अग्रस्थान देऊन लगेच दुसरे स्थान राजकारणाला दिले आहे आणि मागोमाग सावधपण व साक्षेप येतात. पण या समासांत राजकारण म्हणजे नेमके काय? सतराव्या शतकातील पत्रव्यवहारात आणि बखरींत ‘राजकारण’ म्हणजे वाटाघाट, गुप्त मसलत, एखाद्याला फोडण्याची किंवा जोडण्याची खटपट. दासबोधातही माणसे पारखणे, मनोगत राखणे, दुर्जनाला ओळखूनही चारचौघांत प्रकट न करणे, समुदाय सांभाळणे अशा व्यवहारचातुर्याचाच विस्तार आढळतो. राष्ट्र, लोकसत्ता, नागरिकत्व या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कल्पनांचा त्याच्याशी संबंध नाही. असण्याचे कारणही नाही. महंताने मठाभोवतीचा समुदाय कसा चालवावा याचे हे शास्त्र आहे.

तेव्हा १९०७ साली या शब्दावर दोन्ही बाजूंनी क्रिया घडली. मॅझिनीला रामदासी पेहराव मिळाला, आणि त्याच वेळी रामदासांच्या शब्दाला मॅझिनीचा आशय चिकटला. आज ‘राजकारण’ हा शब्द जो सार्वजनिक अर्थ वाहतो तो या काळातील टिळकपंथी लेखनाने रुजवला. सावरकरांचा ग्रंथ त्या प्रक्रियेचा एक ठळक भाग होय. अनुवादात लक्ष्यभाषेतील शब्द मूळ आशयाने बदलतो, हा सिद्धांत अनेकदा परदेशी उदाहरणांनी शिकवला जातो. घरचे उदाहरण इतके स्वच्छ असताना त्याची गरज नव्हती.

‘धर्म’ या शब्दाचे तसेच. मॅझिनीच्या विचारात केंद्रस्थानी कर्तव्य आहे. त्याचे ‘मानवाची कर्तव्ये’ हे पुस्तक १८६० साली पूर्ण स्वरूपात आले आणि ते इटलीच्या कामकरी वर्गाला उद्देशून होते. फ्रेंच राज्यक्रांतीने दिलेली हक्कांची भाषा अपुरी आहे, हक्क माणसाला एकटे पाडतात, कर्तव्य त्याला कुटुंब, राष्ट्र आणि मानवजात यांच्याशी जोडते, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘ईश्वर आणि लोक’ हे त्याचे घोषवाक्य होते. यातील ईश्वर पोपचा नव्हता. १८४९ च्या रोमन प्रजासत्ताकात मॅझिनी ज्या त्रिमंडळात होता त्याने पोपच्या ऐहिक सत्तेच्या जागी लोकसत्तेचा कारभार चालवला. म्हणजे मॅझिनीचा धार्मिक राजकारणाचा विचार धर्मसंस्थेच्या विरोधातून घडलेला आहे. मराठीत ‘राजकारणाला धर्माचे रूप’ असे म्हणताच हा विरोध गळून पडतो. रामदासांशी सांधा जुळवल्यावर मठ, महंत, देवब्राह्मण यांची सगळी परंपरा त्या वाक्यात मागच्या दाराने येते, आणि पोपशी भांडणारा मॅझिनी मागे राहतो.

याचा अर्थ सावरकरांनी मूळ विपर्यस्त केले असा घेऊ नये. तरुण इटली ही १८३१ साली मार्सेय येथे स्थापन झालेली संघटना आणि १९०४ मध्ये नाव धारण केलेला अभिनव भारत यांचे नाते त्यांच्या दृष्टीने प्रत्यक्ष कार्याचे होते. अनुवाद हे त्या कार्याचे साधन होते. साधनाला ते ज्यासाठी घडवले त्यावरून जोखावे लागते. त्या दृष्टीने ही प्रस्तावना विलक्षण यशस्वी आहे. परका विचार आपलाच होता, फक्त विसरला गेला होता, असे पटवणे हा पारतंत्र्यातील वाचकाला जिंकण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग होता. बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, पंजाबात उर्दूतून चरित्र लिहिणारे लाला लजपतराय यांनी मॅझिनीला आदर्श म्हणून उभे केले. मराठीत नरसिंह चिंतामण केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र लिहिले. पण आदर्श उभा करणे वेगळे आणि त्याला आपल्या वंशावळीत बसवणे वेगळे. दुसरी गोष्ट महाराष्ट्रात झाली, कारण येथे रामदास आणि शिवाजी यांची गुरुशिष्यकथा आधीच तयार होती. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी या जोडीला त्या कथेत आयते घर मिळाले.

ते घरच मात्र पुढे डळमळीत झाले. रामदास आणि शिवाजी यांची भेट १६४९ साली झाली असे सांप्रदायिक परंपरा मानते. १६७२ पूर्वी ती झाली नसावी असा पक्ष विसाव्या शतकाच्या आरंभीच पुढे आला होता आणि गोविंद चिमणाजी भाटे यांच्या ‘सज्जनगड व समर्थ रामदास’ (१९१८) या पुस्तकाने त्याला धार आली. १६७२ धरल्यास स्वराज्याची उभारणी भेटीच्या आधीची ठरते आणि प्रेरक गुरूची कल्पना कोसळते. ब्राह्मणेतर चळवळीने या प्रश्नाला सामाजिक अर्थ दिला : शिवाजीच्या कर्तृत्वामागे ब्राह्मण बुद्धी उभी करण्याची गरज कोणाला होती? हा वाद आजही शमलेला नाही. अनुवादसमीक्षेने त्यातून एवढेच घ्यावे, की १९०७ च्या समीकरणाची मराठी बाजू इटालियन बाजूपेक्षा अधिक कच्ची होती. वादग्रस्त घटकाने अपरिचित घटकाचे स्पष्टीकरण दिले गेले.

मॅझिनीचे दुसरे, निराळे वाचन याच सुमारास झाले. १९०९ च्या नोव्हेंबरात किल्डोनन कॅसल बोटीवर गांधींनी गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहिले. त्याच्या थोडेच आधी, विजयादशमीच्या समारंभात, गांधी आणि सावरकर लंडनमध्ये एका व्यासपीठावर आले होते. पंधराव्या प्रकरणात गांधी इटलीचाच दाखला तपासतात. मॅझिनीविषयी त्यांना आदर आहे. परिशिष्टातील वाचनयादीत त्याचे कर्तव्यांवरील पुस्तकही आहे. परंतु त्यांचा प्रश्न असा : ऑस्ट्रिया गेली आणि व्हिक्टर इमॅन्युएल आला, यात इटलीच्या सामान्य माणसाला काय मिळाले? मॅझिनीला जे हवे होते ते घडलेच नाही. मुंबई सरकारने १९१० च्या मार्चमध्ये ‘हिंद स्वराज’लाही बंदी घातली. परस्परविरोधी अशा दोन्ही वाचनांना एकाच वर्षी एकाच सरकारने गुन्हा ठरवावे, ही विसंगती आहे खरी. पण सरकारचे वाचन अगदीच चुकीचे होते असेही म्हणवत नाही.

गांधींच्या प्रश्नाचे शास्त्रीय रूप वीस वर्षांनी इटलीच्या तुरुंगात सिद्ध झाले. ग्रामचीला ८ नोव्हेंबर १९२६ रोजी अटक झाली; १९२९ पासून १९३५ पर्यंत त्याने वह्या लिहिल्या आणि २७ एप्रिल १९३७ रोजी तो वारला. राष्ट्रीय एकीकरणाचा इतिहास हा या वह्यांचा एक कणा आहे. मॅझिनीचा कृतिपक्ष का हरला, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की या पक्षाकडे शेतकऱ्याला सांगण्यासारखे काही नव्हते. जमिनीचा प्रश्न त्याने उचलला नाही. १८६० मध्ये सिसिलीतील ब्राँटे येथे शेतकरी उठले, तेव्हा ते बंड गॅरिबाल्डीच्याच सेनानीने, निनो बिक्सिओने, चिरडले. कावूरला आपली भूमिका कळत होती, कारण त्याला मॅझिनीचीही भूमिका कळत होती. मॅझिनीला यांपैकी एकही कळत नव्हती, अशा आशयाचे ग्रामचीचे एक कठोर निरीक्षण आहे. परिणामी एकीकरण वरून झाले. लोकांचा सहभाग न घेता सत्ता पालटण्याच्या या प्रकाराला तो निष्क्रिय क्रांती म्हणतो. गांधींच्या निःशस्त्र प्रतिकाराचीही त्याने स्थितियुद्धाचा एक प्रकार म्हणून दखल घेतली आहे.

ग्रामचीची निवडक इंग्रजी आवृत्ती १९७१ मध्ये क्विंटिन होअर आणि जेफ्री नॉवेल स्मिथ यांनी काढली. मराठी अभ्यासकांपर्यंत तो मुख्यतः या खंडातून आणि १९८२ पासून रणजित गुहा यांच्या संपादनाखाली निघालेल्या सबाल्टर्न अभ्यासाच्या खंडांतून पोचला. मॅझिनीप्रमाणे ग्रामचीही इंग्रजीच्या पुलावरून आला. अपेक्षा अशी होती की मॅझिनीची सर्वांत भेदक चिकित्सा करणारा इटालियन विचारवंत मराठीत आल्यावर मराठीतील मॅझिनीही पुन्हा वाचला जाईल. तसे झाल्याचे दिसत नाही. मराठीत रुळल्या त्या त्याच्या संज्ञा : धुरीणत्व, नागरी समाज, सेंद्रिय बुद्धिवंत, निम्नवर्गीय. या संज्ञा ज्या इतिहासातून निघाल्या तो इटलीचा इतिहास सीमेवरच राहिला.

संज्ञांचे भाषांतर हीही एक समीक्षाच असते. ‘धुरीणत्व’ हा शब्द पाहावा. त्यात धुरा आहे, बैलाच्या मानेवरचे ओझे आहे. गावात गाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. शब्द सुंदर आहे आणि संमतीने मिळालेल्या नेतृत्वाची छटा त्यात नेमकी उतरते. मात्र धुरीण हा मराठीत गौरवाचा शब्द आहे. समाजधुरीण म्हटले की माणूस नमस्काराच्या तयारीला लागतो. संमती मिळवण्यामागचा दाब, शाळा, देऊळ, वृत्तपत्र यांच्यामार्फत चालणारी घडण या शब्दात दिसेनाशी होते. आणि ती दाखवावी म्हणून ‘वर्चस्व’ वापरावे तर संमती नाहीशी होते. ग्रामचीच्या कल्पनेची दोन अंगे मराठीत दोन शब्दांत विभागली गेली आणि लेखक आपापल्या कलानुसार एक उचलतो. ‘सेंद्रिय बुद्धिवंता’ची अडचण वेगळी : मोसंबी आणि कापूस पिकवणाऱ्या जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ‘सेंद्रिय’ म्हटल्यावर प्रथम शेणखत आठवते. यात हसण्यासारखे काही नाही. जमिनीतून उगवणारा आणि तिलाच कस देणारा, हा अर्थ मूळ कल्पनेपासून फार दूर नाही. शिक्षकाने तो वापरला तर कल्पना उलट लवकर समजेल.

शरद पाटील यांचा अपवाद येथे महत्त्वाचा आहे. त्यांनी पाश्चात्त्य मार्क्सवादाच्या संज्ञा मराठीत बसवण्याऐवजी वर्ग या संकल्पनेलाच जातीच्या कसोटीवर घासले. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) हे त्याचे वाङ्मयीन फलित. गो. पु. देशपांडे यांनी फुल्यांना एका समग्र विचारव्यूहाचे कर्ते म्हणून वाचले. या दोघांच्या लेखनाच्या प्रकाशात १९०७ कडे पाहिले की एक अनुत्तरित प्रश्न उभा राहतो. फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. जातिभेद आहे तोवर येथील लोक ‘एकमय’ होणार नाहीत आणि एकमय लोकांवाचून राष्ट्र नाही, हा विचार फुल्यांनी मांडला होता. मॅझिनीच्या ‘लोक’ या कल्पनेला मराठीत याहून जवळचे काही नव्हते. धर्मसंस्थेशी झगडून ईश्वर मानण्याची फुल्यांची रीतही रामदासांपेक्षा मॅझिनीला कितीतरी जवळची. सोळा वर्षांपूर्वीचा हा प्रतिशब्द सोडून सतराव्या शतकातला शब्द का निवडला गेला? व्यक्तिगत आवडनिवड हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ज्या वाचकवर्गासाठी अनुवाद झाला त्याच्या ग्रंथालयात दासबोध होता, सत्यधर्म नव्हता. कृतिपक्षाला शेतकऱ्याची भाषा सापडली नाही, हे ग्रामचीचे निदान मॅझिनीच्या मराठी अनुवादालाही लागू पडते.

ग्रामचीचे आणखी एक लेखन मराठवाड्यात तरी अधिक वाचले जायला हवे होते. अटकेपूर्वी, १९२६ मध्ये लिहिलेला आणि अपुरा राहिलेला दक्षिणेच्या प्रश्नावरील त्याचा निबंध १९३० साली प्रसिद्ध झाला. इटलीचा दक्षिण भाग मागास का, याचे उत्तर तो आकडेवारीत शोधत नाही. भूमिहीन व अल्पभूधारक शेतकरी, खेड्याशहरातील मध्यम बुद्धिजीवी आणि वर बडे जमीनदार व क्रोचेसारखे थोर विचारवंत, अशी एक साखळी तो दाखवतो. मधला बुद्धिजीवी शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवतो, आणि प्रदेशाचा असंतोष या साखळीला तडा जाऊ न देता उत्तरेविरुद्ध वळवला जातो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आला आणि पुढे महाराष्ट्रात विनाअट सामील झाला. १९७४ चे विकास आंदोलन, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल यांनी अनुशेषाची भाषा रूढ केली. त्याच दरम्यान, २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेडोपाडी दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. विकासासाठी एकवटलेल्या नेतृत्वाचा एक भाग नामांतराच्या प्रश्नावर विरोधात गेला. प्रादेशिक अन्यायाची जाणीव आणि जातीय अन्यायाचे समर्थन एकाच मनात कसे राहू शकते, याचे विश्लेषण दक्षिणेच्या प्रश्नावरील निबंधाशिवायही करता येते. पण त्याच्या मदतीने ते कितीतरी नेमके झाले असते. तुलनेच्या मर्यादा आहेतच. सिसिलीत अस्पृश्यता नव्हती, आणि ही त्रुटी भरून काढायची तर आंबेडकरांकडेच जावे लागते. तरीही साखळीतील मधल्या दुव्याकडे, म्हणजे शिक्षक, पत्रकार, वकील आणि प्राध्यापक यांच्याकडे पाहण्याची ग्रामचीची सक्त नजर मराठवाड्याच्या वाङ्मयेतिहासाने अद्याप वापरलेली नाही. कदाचित ती वापरणारा स्वतःच त्या दुव्यात बसतो म्हणून.

अलीकडच्या इटालियन विचारवंतांविषयी फार लिहिण्याजोगे घडलेले नाही. जॉर्जो अगांबेनचे ‘होमो साकेर’ १९९५ मध्ये इटालियनमध्ये व १९९८ मध्ये इंग्रजीत आले. अंतोनियो नेग्रीने मायकेल हार्टबरोबर लिहिलेले ‘एम्पायर’ २००० सालचे. मराठीत त्यांचा वावर शोधनिबंधांच्या तळटिपांत अधिक आहे. कायद्याने कायद्याबाहेर टाकलेल्या जिवाची अगांबेनची संकल्पना वाचताना मात्र मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही पोलीस चौकीच्या नोंदवहीत राहिलेल्या जमातींचे अनुभव लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) आधीच आले होते. येथे पुन्हा १९०७ चा मोह उभा राहतो : गायकवाडांना अगांबेनचे उदाहरण करायचे, की अगांबेनला गायकवाडांचे भाष्यकार? दोन्हींत एकाचे नाव पुसून दुसऱ्याचे लिहिले जाते. ‘उचल्या’तील पोलिसांचा फटका, जातपंचायतीचा दंड आणि गिरणीतली नोकरी हे सगळे एकत्र वाचले, तर कायद्याने टाकलेला माणूस जातीने मात्र बांधून ठेवलेला असतो हे दिसते, त्या बांधणीसाठी अगांबेनजवळ संज्ञा नाही. ती मराठीत घडवावी लागेल आणि तिचे भाषांतर करण्याची पाळी मग दुसऱ्या कोणावर तरी येईल.